खंडेनवमीचा रेडिओ

आई,

काल नातीचा कॉम्प्युटर सुरूच होईना. बटण दाबलं तर ना दिवा, ना पंख्याची घरघर. मुलगा म्हणाला, "बाबा, मदरबोर्ड गेलाय, नवा टाकू." हल्लीच्या लोकांना टाकायची भारी घाई. म्हटलं, आधी वीज कुठवर येते आणि कुठं अडते ते तर बघू दे. सॉकेट बघितलं, वायर बघितली, मग डबा उघडून त्या हिरव्या पाटीवरचं एकेक काढून बाजूला ठेवत गेलो. शेवटी नुसती पाटी उरली, तरी ढिम्म. उचलून बघतो तर खाली एक बारका स्क्रू पडलेला, पाटीला आणि पत्र्याला दोघांनाही चिकटलेला. तो काढला आणि पंखा फिरला. नातीनं टाळ्या पिटल्या आणि विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? साताऱ्याच्या रेडिओच्या दुकानात शिकलो म्हणालो, आणि ते खोटंही नाही. पण डोळ्यांपुढं उभी राहिलीस तू, हळदीचे हात पदराला पुसणारी. म्हणून लिहायला बसलोय.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तासगावजवळ आपल्या मळ्यात दोनच घरं, एक आपलं, एक काकीचं, आणि मधे कडब्याचं कूड. आबा आणि काका बांधावरच्या एका बाभळीवरून भांडले होते. ते दोघं वर्षभरात बाजारात एकमेकांच्या चंचीतली तंबाखू खायला लागले, पण अबोला खरा पाळला तो तुम्ही दोघी जावांनी. काकीनं घर सारवलं की तू मुद्दाम तिकडं पाठ करून बसायचीस. मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं, कारण तू नवी नवरी होऊन आलीस तेव्हा जात्याच्या खुंट्याला तुझ्यासमोर हात घातला होता तो काकीनंच. साऱ्या ओव्या तिच्याकडून तुझ्याकडं आलेल्या.

त्या वर्षी सांगलीच्या रेडिओवाल्यांनी गावोगावच्या बायकांच्या ओव्या जमवल्या. तूही एसटीनं सांगलीला जाऊन आलीस. आल्यावर चूल पेटवायच्या आधी तक्रार सुरू. "नुस्तं बसून म्हन म्हनत्यात. जातं न्हाई, दळान न्हाई, म्होरं कोन बसल्यालं न्हाई. ओवी यावी कशी?" तरी तू म्हटलीस, आणि ती दसऱ्याला दुपारी बायकांच्या कार्यक्रमात लागणार असं ठरलं. मी साताऱ्याहून सणाला आलो तर तुला दुसरा विषयच नव्हता. "जल्मभर म्हनत आले रं, पर म्या कशी म्हनते ते कवा ऐकलंच न्हाई. येकदा ऐकू दे." तुझ्या तोंडून स्वतःसाठी काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. नवं लुगडंसुद्धा तू कधी मागितलं नाहीस.

आणि मग खंडेनवमी. सकाळपासून तुझी अवजारं धुणं चाललेलं. विळे, खुरपी, कुऱ्हाड, फाळ, सगळी पाटावर ओळीनं. माझ्या पिशवीतले पेचकस आणि डाग द्यायचा कैयाही त्यात बसवलेस. मी पाणवठ्याकडं गेलो तेवढ्यात तुझी नजर फळीवरच्या रेडिओकडं गेली. उद्या आपला आवाज ज्यातून यायचा त्याला तसाच कसा ठेवायचा? ओल्या फडक्यानं तो अंगभर पुसलास, हळदी-कुंकवाचं बोट लावलंस, झेंडूची माळ घातलीस, आणि विड्याच्या पानानं पाणी शिंपडलंस. ते पाणी मागच्या भोकांतून आत. संध्याकाळी बातम्यांसाठी आबांनी बटण फिरवलं तर आत एकदाच चट्ट झालं, आणि पुढं स्टेशनांच्या तबकडीतला दिवासुद्धा लागेना.

मी जरा तडकलोच. "आगं, हे काय खुरपं हाय व्हय आंघूळ घालायला?" तू मग हळूच म्हणालीस, "त्यो बी राबतोच की रं." साताऱ्याला आमचे मालकही दुकानातल्या मीटरला कुंकू लावायचे, फक्त कोरडं.

दसऱ्याच्या सकाळी तू पुरण वाटतेस आणि मी ओसरीवर सेट उघडून बसलोय. आधी भिंतीतली वीज बघतो, ती आहे. फ्यूज उडालाय. सणाच्या दिवशी तासगावात दुकान कुठलं उघडं असणार, म्हणून वायरीतली तांब्याची एक बारीक तार त्या जागी घालतो. पण ती घालून थेट वीज सोडायची नाही. मधे एक साधा बल्ब जोडायचा. बल्ब मिणमिणला तर सेट ठीक, भगभगून पेटला तर आत कुठंतरी वीज आडवाटेनं पळतेय. आमचा बल्ब असा पेटला की तू चुलीजवळून म्हणालीस, "लागला की दिवा!" मी कपाळाला हात लावला. मग एकेक भाग सोडवत गेलो. हा सोडवला, बल्ब तसाच. तो सोडवला, बल्ब तसाच. शेवटी जिथून वीज आत शिरते त्या दोन टोकांच्या मधेच ओल्या हळदीचा थर बसलेला दिसला. तो खरवडला, फडक्यानं पुसला, आणि सेट उन्हात ठेवला. तू दर थोड्या वेळानं यायचीस, पुरणाचे हात आवरून धरायचीस आणि काही न विचारता जायचीस. विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं.

दुपार झाली. सेट ओसरीवर आणून मी एकेक भाग पुन्हा जोडत आणला होता. तेवढ्यात कुडापलीकडून काकीचा आवाज आला. तिचा मुलगा फौजेत, त्यानं रजेवर येताना आणलेला ट्रान्झिस्टर छातीशी धरून ती उभी होती. तुमच्यात अबोला पडल्यापासूनचा तो पहिला शब्द.

"अगं ये, तुजं नाव घेतलं त्यांनी. आता लागतीया."

तू कुडापाशी गेलीस. "हितनंच ऐकते, आक्का."

"हितनं काय ऐकतीस? आत ये. माज्या घरात काय वाघ हाय व्हय?"

तू मागं वळून ओसरीवर माझ्याकडं बघितलंस. "झाला का रं?"

मी मान हलवली. "न्हाई."

मग तू कुडाचा कडबा बाजूला सारलास आणि गेलीस. थोड्या वेळानं ओवी आली.

जात्याच्या खुंट्याला दोघी जावांचं गं हात
पीठ पडतं खाली, ओवी जाती आभाळात

दुसऱ्या ओळीला काकीनं आपला आवाज घातला. तिचा जरा जाड, तुझा बारीक. कार्यक्रम संपला तरी तू लवकर आली नाहीस, इकडं पुरणावर माश्या बसायला लागल्या. आलीस ती डोळे पुसत, हसत. "मला वाटंना ती मीच हाय म्हून. पर आक्का म्हनली, तूच हाईस." संध्याकाळी तुम्ही दोघींनी एकमेकींना सोनं दिलं. तोवर आपला रेडिओही बोलायला लागला होता. पुढं मरेपर्यंत तू येईल त्याला सांगत राहिलीस, "माजी पूजा पावली. रेडू बंद पडला म्हून तर आक्काच्या दारात गेले." मी कधी मधे बोललो नाही.

हे पत्र मी कुठं धाडणार? आणि सोय असती तरी धाडलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. त्या दसऱ्यानंतर साताऱ्याहून आलेली माझी पत्रं काकीच तुला वाचून दाखवायची, आणि ती तुझ्या मागोमाग तिकडंच आलीय. हेही तिच्याच हातात पडेल.

म्हणून इथंच लिहून ठेवतो. तू "झाला का रं" विचारलंस तेव्हा तबकडीतला दिवा लागला होता. जुना व्हॉल्व्हचा सेट, तापायला वेळ घ्यायचा, आवाज यायला अजून थोडा अवकाश होता. तुझा एक हात कुडावर होता आणि काकी वाट बघत होती. मी बटण मागं फिरवलं आणि न्हाई म्हणालो. तुझी ओवी मी आपल्या घरात लागू दिली नाही, आई. कुडापलीकडून आली तेवढीच मीही ऐकली.