पिठातलं अर्धं पाऊल

मी, आदर्श दिनानाथ चितळकर, वय सव्वीस, मूळ राहणार खांब, तालुका रोहा, जिल्हा रायगड, हल्ली कामानिमित्त बिकानेर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, दारू प्यालेलो नाही, कुणी बसवून लिहून घेतलेलं नाही. टॉवरवर अँटेना बांधायचं काम आहे. कमरेला पट्टा असतो, पण वारा तो वारा, म्हणून लिहितो.

१. घर आणि शेत बाबांचं आहे, त्यात मी वाटण्यासारखं काही नाही. बँकेत असेल ते बाबांना.

२. हत्यारं, म्हणजे वायरची पकड, टेस्टर, ड्रिल, बहीण रोहिणी, राहणार रामवाडी, पेण, हिला. नेटवर्कच्या वायरीत कुठल्या रंगाची तार कुठे, ते तिनेच माझ्याकडून पाठ करून घेतलं. मला तेवढंच पाठ आहे, आणि ते शाळेतलं नाही.

३. माजघरातला कॅमेरा आणि रेकॉर्डर. याचं नीट लिहितो.

आई, बायजा, अंथरुणाला खिळली तेव्हा मी तो बसवला, लांबून दिसावी म्हणून. नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर मी फोनवरून घरी जायचो. मग ती गेली. दहाव्याला सगळे नदीवर, आणि तिच्या जागेवर दिवा नि पसरलेलं पीठ. गेलेलं माणूस येऊन गेलं तर त्यात पाऊल उमटतं. वर टोपली झाकायची असते. बाबांनी झाकली नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ दे उघडं. आदर्शला तिकडं दिसंल."

मला पोचता आलं नाही, मी इथूनच फोनवर बघत होतो. हलतं चित्र म्हणजे एकामागून एक स्थिर फ्रेम. मध्येच नेट गेलं, चाक गरगरत राहिलं. चित्र परत आलं तेव्हा पिठात अर्धं पाऊल होतं, आत वळलेलं.

बाबा म्हणाले, "बायजाच ती. तिचा डावा पाय असाच पडायचा."

दत्तात्रेयकाका म्हणाले, "टोपली नाय, काय नाय. मांजर लोळलं असंल!"

मधल्या फ्रेम माझ्या फोनवर पोचल्या नाहीत. पण रेकॉर्डर घरातच वायरने जोडलेला, त्याच्याकडे सगळ्या आहेत. डिस्क भरली की तो जुनं पुसून त्यावर नवं लिहितो, म्हणून मी इथूनच रेकॉर्डिंग बंद केलं. अजून बघितलेलं नाही. बोट नेतो आणि काढतो.

बाबा रोज दिवेलागणीला कॅमेऱ्यासमोर बसतात. "दिसतो का रं? आय आली व्हती ना?" मी "व्हय" म्हणतो. माझा आवाज उशिरा पोचतो, तोवर ते तसेच वर बघत राहतात. त्यांच्या मागच्या कोपऱ्यात चित्राचे चौकोन सुटतात, हलतात. उजेड कमी पडला की तसं होतं, मला माहीत आहे. तरी मी आधी तिकडेच बघतो.

रेकॉर्डर बाबांना. पासवर्ड रोहिणीला तोंडी सांगितला आहे. बाबांनी स्वतः मागितलं तरच तिने लावावं, आणि आधी एकटीने बघू नये. बाबांच्या पश्चात कुणीही न बघता डिस्क कोरी करावी.

४. ती टोपली दत्तात्रेयकाकांना. माझा राग कुणाला देत नाही, तो माझ्याबरोबर जाळा.

५. माझ्या दहाव्याला मात्र काकांकडून टोपली मागून आणून पिठावर झाकावी, आणि कॅमेऱ्याची वायर काढावी. मला यायचं झालं तर घरचा पत्ता माहीत आहे.

सही: आदर्श दि. चितळकर

आमच्यादेखत सही केली, आम्ही दोघे हजर होतो:
१. जितेश रामा म्हात्रे
२. सुशील गणपत भोईर

ठिकाण: बिकानेर
तारीख: १४ नोव्हेंबर २०२४