तापीकृपा सोसायटीचं मैदान आणि माझं व्हिजन

८ जून, रविवार. संध्याकाळी ६.
आज पुन्हा माझ्या ओट्यावर कुणाची तरी ओली गोधडी वाळत होती. इतिहास अशा अन्यायांची नोंद ठेवत नाही, म्हणून मीच ठेवतो. मिलच्या टाइम ऑफिसात लोकांच्या हजेऱ्या मांडून दमलेला माणूस संध्याकाळी टेकायला एक ओटा मागतो आणि हा समाज त्याला गोधडी देतो. तीही ओली. बायकोला, रंजनाला म्हणालो, सुरतच्या या भेस्तानमध्ये विचार करणाऱ्या माणसाला बसायला जागा उरली नाही. ती साडीला स्टोन चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग उभा ऱ्हाईसन करा."
उभं राहून केला. बिल्डिंगमागचा कॉमन प्लॉट रिकामा पडलाय. तिथे मुलांसाठी मैदान व्हावं. झोका, घसरगुंडी. आणि मुलांवर लक्ष ठेवायला एक बाक. सावलीतला.

१५ जून, रविवार.
सोसायटीची मीटिंग. टेम्पोवाल्या छगनभाईंना तोच प्लॉट टेम्पो लावायला भाड्याने हवाय. म्हणाले, "प्लॉट खाली छे, टेम्पो बहार छे, हिसाब सीधो छे." लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या धुरपदाबाई नातीला, मयुरीला, कडेवर घेऊन आल्या. आठ वर्षांची पोर, पायाला प्लास्टर. गल्लीत लंगडी खेळताना टेम्पोखाली पाय आला. टेम्पो छगनभाईंचाच होता. पण रिव्हर्समध्ये होता, त्यामुळे तो त्यांच्या मते धरायचा नाही.
धुरपदाबाईंनी पोरीला फक्त मधोमध खुर्चीवर बसवलं. मग ठराव झाला: दसऱ्यापर्यंत प्लॉटवर खेळणी उभी राहिली तर मैदान, नाहीतर टेम्पो. सोसायटी एक रुपया देणार नाही, निधी आपला आपण आणायचा.
मी उठून म्हणालो, दसऱ्याला झोका हलेल, हा शालिग्रामचा शब्द आहे. धुरपदाबाई म्हणाल्या, "शालिकभाऊ, तुमना शब्दले लोंबकळीसन पोर झोका लेई का?"
क्रीडांगण समितीचा अध्यक्ष म्हणून एकमताने निवड. रंजनाचं म्हणणं, तोवर बाकीचे जेवायला गेले होते. एकमत ते एकमत.

२२ जून.
संकल्प: पहाटे उठणे. रोज दहा फोन. गुटखा बंद.
उधन्याच्या फॅब्रिकेटरला खर्चाचा अंदाज विचारला. त्याने आकडा सांगितला. आकडा आवडला नाही. घरी येऊन नवा अंदाज स्वतः केला, तो बराच परवडणारा निघाला.
व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. 'प्रोजेक्ट डायरेक्टर'. सोनेरी अक्षरं.

५ जुलै.
एका मोठ्या कंपनीला इंग्रजीतून ईमेल पाठवला. तीन संध्याकाळी खपलो. उत्तर त्याच मिनिटाला आलं. मेल मिळाला, आभार, या पत्त्यावर उत्तर देऊ नका. एवढ्या मोठ्या कंपनीची ही तत्परता. उत्तर देऊ नका म्हणजे पुढचं ते बघून घेतील.
पहाटे उठणं पावसामुळे स्थगित.

१३ जुलै.
एरियातल्या एका पुढाऱ्याला भेटलो. ग्रँट इलेक्शननंतर नक्की, म्हणाला. कोणतं इलेक्शन ते विचारायचं राहिलं. माझ्यासोबत सेल्फी घेतला. त्यात माझा अर्धा चेहरा आलाय. म्हणजे अर्धं काम झालं.
जिन्यात वरून मयुरीने हाक मारली, "काका, हींचको क्यारे आवशे?" शाळेत गुजराती, घरात अहिराणी, पोरगी दोन्हीकडून विचारते. म्हणालो, झोका प्रोसेसमध्ये आहे. ती आजीकडे बघायला लागली. बहुतेक 'प्रोसेस' कुठल्याच भाषेत समजला नसावा.

२० जुलै.
आज खरी झेप. रिंगरोडच्या मार्केटात साडीचे व्यापारी भूपेंद्रभाई शेठ यांच्या गादीवर तासभर बसलो. दोनदा चहा. व्हिजन समजावलं. शेठ म्हणाले, "जोई लईशुं." म्हणजे, बघून घेऊ. रंजना म्हणते, याचा अर्थ नाही असा होतो. तिला व्यापारी कळत नाहीत. नकार इतका गोड नसतो.
शेठना जेवायला बोलावलं. तीन ऑगस्ट, रविवार. मुद्दाम आमच्या खानदेशी कानबाईच्या सणाचा दिवस निवडला. सगळी गल्ली लाइटिंगने फुललेली, ढोल, घराघरात पाहुणे. डोनरला समाजाची ताकद दिसली पाहिजे.

३ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४.
ताकद दिसली.
शेठ पांढऱ्या कपड्यांत, भुकेले आले. घरात कामरेजचे चुलतभाऊ, त्यांची पोरं, सगळे ओळीने बसलेले. समोर कानबाईच्या प्रसादाचे रोट, खीर, गंगाफळाची भाजी. मी म्हणालो, शेठला ताट वाढा. रंजनाने मला स्वयंपाकघरात ओढलं. रोट फक्त भाऊबंदांच्या पोटात जातात, बाहेरच्याला घासभर द्यायचा नाही. आणि ते संपेपर्यंत चुलीवर दुसरं काही चढवायचं नाही. हे मला जन्मापासून माहीत आहे. तारीख ठरवताना मी लाइटिंगचा विचार केला, चुलीचा नाही.
शेजारी धावलो. तिथे रोट. वर धुरपदाबाईंकडे रोट. सगळ्या बिल्डिंगमध्ये खानदेश नांदत होता. शेठ खुर्चीत बसून माझे भाऊ जेवताना बघत होते. मी त्यांना प्रथेचं महत्त्व समजावून सांगितलं. ते तुपाच्या वासाकडे वळून वळून बघत होते. शेवटी वेफर्सचं पाकीट आणलं.
त्यांना खाऊ घालू शकेल असं बिल्डिंगमध्ये एकच घर होतं. छगनभाईंनी हाताला धरून नेलं. खिचडी, कढी, खमण, वर पार्किंगची माहिती.
जाताना शेठ म्हणाले, "जोई लईशुं." या वेळी जरा भरभर म्हणाले. भावनावश झाले असावेत.

११ ऑगस्ट.
मी म्हणत होतो ना. शेठकडून गठ्ठे आले. पैसे नाहीत, साड्या. डॅमेजचा लॉट. छपाई सरकलेली, मोराचं डोकं एकीकडे, मान दुसरीकडे. निरोप असा की विका आणि मैदान करा. घरात पलंगाखाली, पलंगावर, कपाटावर साड्या. मी पॅसेजमध्ये झोपतो. त्याग लागतोच.

१७ ऑगस्ट, रविवार.
प्लॉटवर महासेल. बॅनर लावला. बायका आल्या. एकेकीने पदर दोन बोटांत धरून बघितला आणि निघून गेली. आमच्या सोसायटीत घरोघरी साडीचे धागे कापतात, स्टोन लावतात, घड्या घालतात. हा मुद्दा प्लॅनिंगमध्ये सुटला होता. धुरपदाबाई म्हणाल्या, दिवसभर साड्याच बघते, संध्याकाळी तरी डोळ्यांना सुट्टी द्या भाऊ.
एक साडी खपली. मीच घेतली. सुरुवात कुणीतरी करायला हवी.

२५ ऑगस्ट.
छगनभाई प्लॉटवर चुन्याने पट्टे आखत होते. एकेका टेम्पोची जागा. मयुरी प्लास्टरचा पाय पुढे करून खिडकीत बसली होती. आज काही विचारलं नाही तिने.
समितीची बैठक घेतली (मी). प्रोजेक्ट दुसऱ्या टप्प्यात गेल्याचं जाहीर. दुसऱ्या टप्प्यात वाट पाहायची असते.

२९ ऑगस्ट.
रंजना भाचीच्या डोहाळजेवणाला अमळनेरला निघाली. सोबत धुरपदाबाई. सोबत सगळे गठ्ठे. मी आडवा आलो. म्हणालो, माल डिफेक्टिव्ह आहे, गावाकडे आपली काय इज्जत राहील. रंजना म्हणाली, "आहेरनी साडी कोन उघाडस? ती या पिशवीमाईन त्या पिशवीमा जास."
मी तिला मार्केटिंगचं तत्त्व सांगायला घेतलं. रिक्षा निघून गेली.
पलंगावर झोपलो. बरं वाटलं.

४ सप्टेंबर.
दोघी परत. गठ्ठे नाहीत.
अमळनेर, पारोळा, चोपडा. ज्यांच्या घरी पुढं लग्नं आहेत त्यांनी आहेरासाठी एकगठ्ठा उचलल्या. 'सुरतनी साडी' म्हटल्यावर घडी कुणी मोडलीच नाही. एका म्हातारीने तेवढी मोडली, मोर पाहिला, म्हणाली, मागं वळून बघतो आहे बिचारा. आणि दोन घेतल्या.
माझी एक्स्पोर्ट स्ट्रॅटेजी यशस्वी झाली. तसं मी रंजनाला सांगितलं. तिने पाय चेपायला तेल मागितलं.
निधी समितीकडे जमा करा म्हणालो. कळलं की उधना स्टेशनवर उतरून त्या तशाच फॅब्रिकेटरकडे गेल्या आणि पैसे देऊन मोकळ्या झाल्या. झोका, घसरगुंडी, सी-सॉ. बाक कुठे, विचारलं. धुरपदाबाई म्हणाल्या, "बाकले पैसा पुरनात नही." अध्यक्षांना न विचारता एवढा मोठा बदल. निषेध नोंदवला. इथेच.

२१ सप्टेंबर.
लोखंडी सांगाडे आले, छगनभाईंच्याच टेम्पोतून. भाडं त्यांनी पुरेपूर घेतलं, पण उतरवायला हातही लावला. चुन्याचे पट्टे पायाखाली पुसले गेले.
सिमेंटसाठी घरटी पन्नास रुपये ठरले. धुरपदाबाई दारोदार फिरल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा रंजना घरी नव्हती. मी त्यांना समजावलं की अध्यक्षाने वेळ दिलेला असतो, वेळेची किंमत पन्नासपेक्षा जास्त धरली तरी समितीच माझं देणं लागते. बरं म्हणाल्या आणि पुढच्या दाराला गेल्या. पटलं असावं.

१ ऑक्टोबर.
उद्घाटनाचं भाषण तयार. माझा संघर्ष, कानबाईचा प्रसंग (थोडा वेगळा करून), शेवटी मुलांना संदेश. माइकचं विचारलं. कशाला, असं उलट विचारलं गेलं.

२ ऑक्टोबर, दसरा. रात्री ८.
फीत कापायला कात्री घेऊन सकाळी उतरलो तर झोका हलत होता. पोरं उजाडायच्या आतच चढली होती. मयुरी झोक्यावर. प्लास्टर निघालंय. एक पाय दुसऱ्यापेक्षा बारीक दिसतो. जाड पायाने जमीन ढकलायची, बारीक पाय हवेत ताणून धरायची. खाली येताना तोही टेकवून बघायची. धुरपदाबाई मागे उभ्या होत्या, पण हात लावत नव्हत्या. छगनभाईंची सून कडेवरच्या पोराला घेऊन रांगेत होती. कुणीतरी भांडलं, कुणीतरी रडलं, रांग पुढे सरकली.
भाषण खिशात होतं. कुणी मागितलं नाही. लोकांनी आपट्याची पानं दिली, मीही दिली. नंतर बिल्डिंगमधल्या बायका सिमेंटचा हिशेब बोलत होत्या. सगळ्या घरांचे आले म्हणाल्या, एक सोडून. कोणतं, ते कुणी बोललं नाही. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. इतकं व्यवस्थित न पाहणं जमायला बरीच माणसं लागतात.
दिवेलागणीनंतर तिसऱ्या मजल्यावर गेलो. धुरपदाबाई भाकरी थापत होत्या. पन्नासची नोट पुढे केली. म्हणालो, गुप्तदान समजा, माझं नाव कुठे सांगू नका.
त्यांनी पिठाचा हात पुसला, नोट कनवटीला लावली.
"कोनी इचारंच नही, भाऊ."
बरं म्हणालो आणि खाली आलो.