रस्ता मोकळा आहे का?

सोमवार, ३
आज रुजू झाले! विमान कंपनीचा मार्ग-सुरक्षा विभाग म्हणजे काय थाट असेल, असं घरी सगळ्यांना वाटत होतं. निघाली एक लांबट खोली. खिडकीशी हवामानवाल्या काकूंचं टेबल, भिंतीवर मोठा पडदा, पडद्यासमोर माझी खुर्ची. तिचं एक चाक रुसलेलं. पडद्यावर नकाशा आणि त्यावरून सरकणारे पांढरे ठिपके, म्हणजे आमची विमानं. खाली लढाई चालू असेल तिथे वरून जायचं की वळसा घालायचा, हे मी सांगायचं. बाबा म्हणाले, म्हणजे माझंच काम की! बाबा बस-आगारात मेकॅनिक. शाळेत जाण्याआधी मी त्यांच्याच बाकावर बसून अंक शिकले, आणि एक धडाही: ब्रेकची खात्री नसेल तर गाडी हलायची नाही, आत कोणी का बसलेलं असेना. आमच्या घरात ‘असेल बहुतेक’ ही शिवी आहे.

बुधवार, ५
इथली रीत समजली. धोक्याच्या भागाच्या अलीकडे वैमानिक विचारतो, रस्ता मोकळा आहे का? आमच्याकडून उत्तर गेलं नाही तर मोकळा धरतात. गप्प म्हणजे हो? मी दोनदा विचारलं. साहेब म्हणाले, अगं, प्रत्येकाला हो म्हणत बसलो तर घसा बसेल. काकू म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या गप्प बसण्यावर तर माझा अख्खा संसार उभा आहे. मीही हसले, पण गोष्ट मनातून गेली नाही.
नकाशावर डोंगरांतला एक पट्टा आहे. खाली तोफा चालू आहेत, आता विमानं पाडणारी क्षेपणास्त्रंही आली आहेत. तरी आकाश उघडंच. तिथल्या सरकारने ते बंद केलं, तर आपल्याच आकाशावर आपला ताबा नाही हे कबूल करावं लागेल. बाकीच्या कंपन्या जातात म्हणून आम्ही जातो. त्याही आमच्याकडे बघूनच जात असतील.

शुक्रवार, ७
दुपारी पट्ट्यात एक ठिपका शिरला आणि बाहेर आलाच नाही. आमची सगळी विमानं तपासली, जागच्या जागी होती. काकूंना काहीच दिसलं नाही. साहेबांनी माझं नाव शंकाबाई ठेवलं. संध्याकाळपर्यंत सगळी खोली त्याच नावाने हाका मारत होती. मारू देत.

शनिवार, ८
ठिपका पुन्हा आला. या वेळी हेडफोनमध्ये आवाजही. वैमानिकाचा, शांत, अदबीचा. रस्ता मोकळा आहे का? त्याने सांगितलेला विमानाचा क्रमांक मंगळवारच्या फेरीचा होता. अजून न उडालेल्या. मागे चमच्यांची किणकिण, एक लहान मूल काहीतरी गुणगुणत होतं.
मी गप्प राहिले. तो म्हणाला, आभारी आहे.
ठिपका आत शिरला. गुणगुणणं मध्येच तुटलं.
हेडफोनची वायर जोडलेलीच नव्हती.

रविवार, ९
बाबांना फोन केला. आवाजाचं बोलले नाही, पट्ट्याचं सांगितलं. ते म्हणाले, तुला खात्री आहे? मी म्हटलं, नाही. मग मला कशाला विचारतेस, म्हणाले, आणि जेवलीस का ते विचारलं.

सोमवार, १०
पट्टा लाल केला, म्हणजे बंद. कारणं दिली: क्षेपणास्त्रं, त्यांचा पल्ला, आमची उंची. सगळी खरी. साहेब म्हणाले, त्या देशाने बंद केलं नाही, तू कोण गं? आणि उद्याच्या विमानात तुझं कुणी आहे का? नाही, म्हटलं. कुणाचंच नसतं तरी लालच केला असता. त्यांनी हिरवा केला. मी लाल केला. पुन्हा हिरवा. पुन्हा लाल. शेवटी माझा पासवर्ड काढून घेतला. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले.
उद्या मंगळवार. मी जाणार.

मंगळवार, ११, सकाळ
आत शिरले, कडी लावली. काकू आतच होत्या. काही न विचारता आपली खुर्ची दाराला लावून त्यावर बसल्या. बाहेर साहेब दार बडवताहेत. काकू ओरडून म्हणाल्या, माझं वजन माहीत आहे ना, साहेब?

दुपार
विमान आलं. खऱ्या वैमानिकाने विचारलं. मी म्हटलं, बंद. वळसा घ्या. त्याने घेतला. काकूंनीही ऐकलं.
मग लगेच तोच आवाज. माझ्या एकटीच्या कानात. रस्ता मोकळा आहे का? बंद. मोकळा आहे का? बंद. थांबतच नाही. मी पाणी प्यायले तेवढ्यात ठिपका पट्ट्याकडे झुकला—

बोलतेच आहे. घसा गेला. काकूंनी माझ्या जागी बंद म्हणून पाहिलं. त्याला फक्त माझंच हवं—

माझा आवाज संपला. ठिपका पट्ट्याच्या कडेला. पेन उचललं, लिहिलं: बंद.
सरळ झाला!
म्हणजे लिहिलेलंही चालतं. मग विचार. किती विचारायचं ते विचार. बंद. दार हलतंय. बंद. चमचे वाजताहेत, ते मूल गातंय— गाऊ दे. बंद. माझं कुणी नाही त्यात. बंद. काकू खुर्चीसकट सरकताहेत— बंद. मी गप्प बसणार ना—