चिपाडाचा मऊ कागद

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज बारा ताव काढले. बाराही वाया. उसाचं चिपाड मोजून सोडा घालून शिजवायचं, त्याचा टिश्यू पेपर करायचा, एवढंच तर म्हटलं होतं मी. हातात आला तो पापड. दुमडला की मोडतो. पातळ करावा तर जाळीवरून सुटत नाही, चिंध्या होतात.

आठवडाभर धाराशिवला कॉलेजात पोरांना केमिस्ट्री शिकवायची, आणि शनिवार-रविवार ढोकीला येऊन ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये स्वतः नापास व्हायचं.

सरपंच शंभुलिंगअप्पा डोकावून गेले. "मॅडम, पंधरा डिसेंबरपर्यंत कायतरी दावा. शेड मागणारे लई हायेत."

रविवार, ९ नोव्हेंबर

जीव वैतागला. कामाला दोघी आहेत — नंदा आणि तिची सासू मथुराबाई. नंदा सांगितलं तेवढं करते. मथुराबाई सांगितलं ते सोडून सगळं करते. वजनकाटा समोर आहे, तरी अंबाडीचा धागा ओंजळीनं टाकते. वीस ग्रॅम म्हटलं की, "व्हय, तेवढंच हाय." वजन केलं तर एकतीस! साठीची बाई, तिला ओरडताही येत नाही.

दुपारी नंदा सहज बोलून गेली, "यंदा तोडीला गेलो न्हाय मॅडम. तुमच्या भरवशावर." ती आणि नवरा दरवर्षी ऊसतोडीला कर्नाटकात जायचे. मीच दिवाळीआधी त्यांना थांबवलं, इथं बारमाही काम होईल म्हणून. टोळी गेली. आता मागं जाता येत नाही — त्यांना आणि मलाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बाबांनी माझ्या एका तावावर किराण्याची यादी लिहिली. म्हणाले, "भैरवी, शाई अजिबात फुटत नाही. उत्तम कागद आहे." टिश्यूवर शाई फुटायलाच हवी, हे निवृत्त मुख्याध्यापकांना कोण सांगणार.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज प्रमाण बदललं. सत्तर भाग चिपाड, तीस भाग अंबाडी. चिपाडाचा धागा आखूड, म्हणून मऊ. अंबाडीचा लांब, म्हणून बळकट. कागदावर हिशेब चोख आहे. हौदात मात्र अंबाडीच्या गाठी गाठी झाल्या, शेवया शिजून चिकटाव्यात तशा.

मथुराबाई हौदाशी उभी राहून बघत होती. "मॅडम, गुऱ्हाळावर आमी—" म्हणून सुरू झाली. मी म्हटलं, "मथुराबाई, हे गुऱ्हाळ नाही." ती जाळी धुवायला वळली. बरं झालं.

रविवार, १६ नोव्हेंबर

राग अजून उतरलेला नाही.

सकाळी शेडमध्ये शिरले तर मथुराबाई तांब्यातून काहीतरी हौदात ओतत होती. बुळबुळीत, तार धरणारं. न विचारता. माझा आठवड्याचा लगदा!

"काय घातलं?"

"तुमचा धागा तळाला बसतुया. त्याला उचलून धराया—"

मी पुढं ऐकलंच नाही. प्रयोग म्हणजे काय, एक गोष्ट बदलली की सगळं कसं वाया जातं, खूप बोलले. शेवटी म्हणाले, उद्यापासून येऊ नका. तिनं हात धुतले, डबा उचलला, गेली. नंदा मान खाली घालून त्याच हौदातून ताव काढत राहिली. "राहू दे, फेकून दे ते," म्हटलं आणि मीही निघाले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नंदाचा फोन — "मॅडम, येऊन बघा." कॉलेज सुटल्यावर गेले. रविवारचे सहा ताव तिनं फेकले नव्हते, वाळवले होते.

झाला! टिश्यू पेपर झाला. पातळ, आरपार उजेड दिसतो. गालाला लावून पाहिला. ओला कप पुसला, फाटला नाही. सत्तर-तीस! मला माहीत होतं प्रमाण बरोबर आहे.

नंदाला म्हटलं, पाहिलंस? ती नुसती हसली. ते हसू मला आवडलं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

तेच प्रमाण. तेच पाणी. तीच जाळी. गाठी.

शनिवार, २९ नोव्हेंबर

पुन्हा गाठी. चाळीस ताव, सगळे चिंध्या. मोजून मोजून डोळे दुखले. शेवटी बादली आपटली आणि नंदाला विचारलं, "त्या दिवशी वेगळं काय होतं?"

तिनं वर न बघता सांगितलं, "आत्या होत्या."

मग हळूहळू सगळं निघालं. तांब्यात भेंडीच्या खोडाचं पाणी होतं. मथुराबाईनं वीस वर्षं गुऱ्हाळावर काम केलंय. तिथं उकळत्या रसात हेच पाणी घालतात, त्यानं मळी वर येते. हौदात तेच पाणी धाग्याला तरंगत ठेवतं, एकमेकांत गुंतू देत नाही. म्हणून ताव पातळ पडतो. एम.एस्सी. झालेल्या बाईला हे सुचलं नाही.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं न्हाय."

रविवार, ३० नोव्हेंबर

बाजारातून दोन किलो भेंडी आणली, मिक्सरमधून काढली, हौदात ओतली. हिरवा चिखल झाला. तावावर बिया. नंदा म्हणाली, "भेंडी न्हाय मॅडम, खोड. ते कसं ठेचायचं आत्यालाच ठावं." पुढच्या शनिवारी मथुराबाईकडं जायचं ठरवलं. ती आता गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर जाते म्हणे.

शनिवार, ६ डिसेंबर

गुऱ्हाळावर गेले. मथुराबाई नाही. गूळ करणारा गुळव्या माझ्याकडं बघतच राहिला — "आज सहा डिसेंबर हाय. त्या चैत्यभूमीला गेल्यात." इतके दिवस एका छपराखाली काम केलं, आणि मला ही तारीख आठवली नाही. परतीच्या एसटीत स्वतःचाच फार राग आला.

मंगळवार, ९ डिसेंबर

रजा टाकून गेले. मथुराबाई उकळत्या रसाच्या काहिलीजवळ उभ्या होत्या. गुळव्या दर थोड्या वेळानं त्यांच्याकडं बघत होता, त्या मानेनं खूण करत होत्या. मग भेंडीचं पाणी पडायचं, मळी निघायची. मी कडेला पाऊण तास उभी. कुणी बस म्हटलं नाही.

"मथुराबाई, माझं चुकलं."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "माफी मागाया आलाव का भेंडी मागाया?"

"दोन्हीला."

त्या पुन्हा काहिलीकडं वळल्या. "असू द्या" तर नाहीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शिकायचं आसंल तर उद्या दिस उगवायच्या आत शेडात या. ऊन वर आलं की पान्याची तार मरतीया. आन् मधी बोलायचं न्हाय."

बुधवार, १० डिसेंबर

साडेपाचला पोहोचले. खोडं सोलली, ठेचली, गार पाण्यात चोळली. दोनदा चुकले, दोनदा त्यांनी माझ्या हातातून खोड काढून घेतलं. पाणी किती घालायचं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "हात घालून बघा." घातला. लगदा बोटांतून रेशमासारखा सरकला.

तीस ताव. एकही फाटला नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

अप्पांनी ताव चेहऱ्याला लावून पाहिला. शेड टिश्यू पेपरलाच मिळाली — पण मथुराबाईंच्या नावावर. त्यांचा अर्ज आधीच आलेला होता. सतरा नोव्हेंबरचा, नंदाच्या अक्षरात. मी हाकललं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

मथुराबाईंनी मला शनिवार-रविवार यायला सांगितलंय. सोडा मोजायला माणूस लागतं म्हणाल्या.

हो म्हणाले.