तुझ्या क्लबाचा सातवा नियम

प्रिय उर्स,

तुला मराठी चाळीसेक शब्दांपलीकडे कधी आलं नाही, हे मला माहीत आहे. तरी मराठीतच लिहितेय. इंग्रजीत मला नीट भांडता येत नाही, आणि तुला जाऊन चार महिने झाले तरी आज मला तुझ्याशी कडाकडा भांडायचंय.

सकाळी रेटोचं पत्र आलं. इथे जपानात, सेंदाईतल्या तुमच्या स्विस क्लबाचा सेक्रेटरी आता तुझ्या जागी तो झालाय. दोन ओळी सांत्वनाच्या, मग मुद्दा. नियम क्रमांक सात : मूळ सभासद सेंदाईत नसेल, तर त्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं सभासदत्व आपोआप संपतं. म्हणजे एक ऑगस्टला, तुमच्या राष्ट्रीय दिनाला, नदीकाठच्या मेळाव्याचं मला बोलावणं नाही!

उर्स, दहा वर्षं त्या मेळाव्यासाठी मी बटाटे किसले. आदल्या दिवशी उकडून, गार करून, पातेलंभर. त्या किसाची खरपूस धिरडी, तुमची रोश्टी, तुझ्या नावावर खपायची आणि बोटं माझी सोलवटायची. तेव्हा कुणाला नियम आठवला नाही.

तडक रेटोला फोन लावला. "असला नियम केला कुणी?" त्या बिचाऱ्यानं आधी दोनदा माफी मागितली. मग म्हणाला, "विद्या, उर्सनंच लिहिलाय."

तू! कपाटातली तुझी क्लबाची फाइल काढून पाहिली. कच्च्या मसुद्यावर तुझंच ते किरटं अक्षर.

मग सगळं आठवलं. २०११च्या भूकंपानंतरचा तो आठवडा. गॅस नाही, पाणी नाही आणि क्लबातली नऊ माणसं आपल्या दोन खोल्यांत. छोट्या सिलिंडरच्या शेगडीवर मी खिचडी करायचे आणि सगळे निमूटपणे वाडगं पुढे करायचे. पाचव्या दिवशी त्यांना न्यायला बस आली. आपल्या दोघांसाठीही जागा होती. लॅबमधले माझे नमुने वाया जातील म्हणून मी अडून बसले, तर तू ड्रायव्हरला म्हणालास, "आम्ही राहतोय."

गेलेल्यांपैकी बरेच जण परत आलेच नाहीत. पण तिकडे बसून मतं मात्र द्यायचे : मेळावा बंद करा, क्लबच बंद करा. मला राग आला की मी भांडी आपटते, तुला राग आला की तू नियम लिहायचास. त्यांची नावं उडवायला तू सातवा लिहिलास. एवढा काटेकोर माणूस तू! सेंदाईत नसण्याचं दुसरंही एक कारण असू शकतं, हे तुला सुचलं नाही?

आणि टाइप कुणी केला? मीच. वर म्हटलंही होतं, "जोडीदारांनाही घाल त्यात. उगाच दया नको." त्यामुळे तुझ्यावर ओरडताना अर्धं ओरडणं माझ्यावरच येतं.

क्लबाचं मला काही पडलेलं नाही रे. पण लॅबमध्ये तू कुणाला माहीत नाहीस. आपली रेवा तुझं नाव निघालं की खोलीत जाऊन दार लावते. तुझ्या भाषेतले तुझे विनोद ऐकलेली माणसं या गावात क्लबातली तेवढीच आहेत. तू बर्फावर सपशेल आडवा झालास तरी हातातला केक सोडला नव्हतास, हे मला रेटोनं सांगितलं. वीस वर्षं संसार करून मला ते ठाऊक नव्हतं! असा आणखी किती तू त्यांच्याकडे उरलायस? तो मला हवाय. सगळा हवाय.

तेव्हा ऐक, शब्द देते. तुझ्या अस्थींची पेटी अजून घरातच आहे, पुस्तकांच्या कपाटावर, पांढऱ्या कापडात. एक ऑगस्टला ती घेऊन मी नदीवर जाणार. पहिल्या खुर्चीवर ठेवणार आणि रेटोला सांगणार, मूळ सभासद सेंदाईतच आहे, हजेरी लाव. मग मी शेजारी बसणार. उठवून दाखवा म्हणावं!

रेवाला सांगितलं, तर किंचाळली, "यामेते, आई!" नको म्हणे, लोक बघतील म्हणे. दार लागलं. बऱ्याच वेळानं ते उघडलं आणि ती जपानीतच म्हणाली, "नदीवर जाताना पापाला मी घेणार."

अजून रागावलेली,
विद्या