पवनेत सोडलेल्या ढलप्या

चिंचवड, जुलै १९५७

प्रिय शालन,

तुझं पत्र पोचलं. पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, पण आत एकच ओळ. नारळी पौर्णिमेला येणार की नाही, एका शब्दात कळव. एका शब्दात कळवता आलं असतं तर पोस्टकार्ड टाकलं असतं गो. माझी शाळा तिसरीपर्यंत, थोडक्यात लिहायला शिकलेली माणसं लागतात. मी बोलल्यासारखं लिहितो, तू ऐकल्यासारखं वाच. मेस्त्रींनी, म्हणजे तुझ्या बाबांनी, काय ठरवलंय ते दुर्गामावशीनं मला आधीच कळवलं होतं. ते बांधतायत तो नवा मचवा पौर्णिमेला पाण्यात जाणार. तोवर भैरू परत आला तर शालन भैरूला, नाही तर माझ्याबरोबर त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आबाजीला. मी त्यांना नावं ठेवत नाही. हात थरथरायला लागलेत म्हणतात, जावयाबरोबर त्यांना बोटीला हात लावणारा माणूसही पाहिजे. एक वर्ष म्हणून गेलेल्याची दोन वर्षं वाट बघितली, आणखी किती बघायची.

हे लिहितोय ते कारखान्याच्या स्टोअरमागच्या खोलीत बसून, खोक्यांत घालायच्या तपकिरी कागदावर. बाहेरून कुलूप आहे. घाबरू नकोस, चोरी केलेली नाही. मी इथे करतोय त्या छोट्या गुराबेच्या, म्हणजे लढाऊ गलबताच्या, तोफा पितळेच्या, लाकूड साहेबांच्या परवानगीचं सागवान, त्यातलं काही बाहेर जाऊ नये म्हणून स्टोअरकीपर उद्धवराव जेवायला जाताना मला आत ठेवून कुलूप घालतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "भैरू, तुझ्यावर माझा विश्वास आहे रे बाबा, पण नियम आहे." असं म्हणून किल्ली खिशात घातली. माणूस वाईट नाही, येताना ठेचा-भाकरी घेऊन येतो. खिडकी आहे, तिला जाळी आहे, आणि जाळीतून पलीकडच्या शेडची भिंत दिसते. भरतीची वेळ झाली की मी अजून मान वर करतो, आणि भिंत बघून खाली घालतो. बोटीचं मी तुला सगळं लिहीत गेलो, कुलपाचं तेवढं राहिलं होतं. समोर टेबलावर भोक पाडायचं गिरमीट पडलंय. त्याचं शेवटी सांगतो.

सुरुवात तुला ठाऊक आहे. मी यंत्रं पाठवायची खोकी ठोकत होतो. दिवसभर चार बाजू, तळ, झाकण. एकदा जेवणाच्या सुट्टीत देवदाराच्या तुकड्यातून मचवा कोरत बसलो होतो, तो मोठ्या साहेबांनी बघितला. नवीन ऑफिस बांधलंय, त्याच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट, त्या कपाटात मराठ्यांची लढाऊ गुराब पाहिजे, तू करशील का म्हणाले. मला वाटलं सुटलो. खोकी ठोकण्यातून सुटलो, तेवढं खरं.

पण गुराब मी तरी कुठे बघितलीय? मेस्त्रींच्या आजाकडून आलेलं ऐकून ठाऊक, तेवढंच. म्हणून तुला लिहिलं होतं. तू मेस्त्रींना कोळशानं अंगणात नाळ, बोटीचं पुढचं नाक, काढायला लावलीस, दोरा लावून मोजलीस, आणि जागोजागी गाठी मारलेला तो दोरा पाकिटात घालून पाठवलास. शालन, आख्खी गुराब त्या दोऱ्यावर उभी आहे. साहेब म्हणाले, आत बरगड्या कशाला, अखंड लाकूड घे नि वरून कोर, कोण आत वाकून बघणार आहे? मला तसं येतच नाही. मी आधी तळाचा कणा घातला, मग बरगड्या उभ्या केल्या, मग बोटभर रुंदीच्या फळ्या चहाच्या किटलीच्या वाफेवर वाकवून एकेक बसवली. फटीत कापूस ठासला, वरून तेल आणि राळ. उद्धवराव विचारतात, अरे, ही काय पाण्यात घालायची आहे? तळ पाणी धरणार नसेल तर ती बोट कसली, मी म्हटलं. तोफा लेथवरच्या पोरांनी पितळेच्या कांबीतून काढून दिल्या. शिडं मांजरपाटाची, चहात बुडवून वाळवली तेव्हा समुद्र बघितल्यासारखी दिसायला लागली. डोलकाठ्यांचे दोर सुताला मेण लावून वळले. पुढच्या डोलकाठीचा दोर मात्र तुझा. गाठी तशाच ठेवल्यात. साहेब म्हणाले, गाठी दिसतात, बदल. बदलतो म्हटलं आणि बदलला नाही.

आता नदीचं. हेच मला लिहवत नव्हतं.

इथून पवना जवळ आहे. सुट्टीच्या दिवशी मी घाटावर जाऊन बसतो, दुसरीकडे कुठे जाणार? पहिल्यांदा पाणी वाहताना बघितलं तेव्हा मला रडू आलं होतं. वाटलं, हे पाणी शेवटी आपल्याच समुद्राला जाणार, मी नाही तर निदान ते तरी. मग मी दर सुट्टीला कामातली एक ढलपी खिशातून न्यायची आणि पाण्यात सोडायची असं सुरू केलं. तुलाही लिहिलं, खाडीच्या तोंडाशी लक्ष ठेव, माझी ढलपी येईल. पाणी उगवतीकडे जातं हे मला दिसत होतं गो, आंधळा नाही मी. पण आपली खाडी गडाला वळसा घालताना उलटी जातेच की, आणि पुढे बरोबर समुद्राला मिळते. ही पण पुढे कुठल्यातरी डोंगराला वळसा घालून वळेल, असं धरून चाललो होतो. दोन वर्षं.

आणि तू तेव्हा लिहिलंस की ढलपी सापडली! सागवानाची, एका बाजूनं तासलेली, ओहोटीला वाळूत. पेटीत ठेवलीय, लुगड्याच्या घडीत. ते पत्र मी एवढ्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. खोलीला कुलूप पडलं तरी मला त्याचं एवढं काही वाटायचं नाही, कारण माझं काहीतरी इथून निघून तुझ्यापर्यंत पोचतं, हे मला ठाऊक होतं. आत बसलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

गुराब पुरी झाली तेव्हा मी साहेबांकडे एकच मागणं मागितलं, कपाटात जायच्या आधी एकदा पाण्यात घालू द्या. साहेब हसले, पण हो म्हणाले. गेटपास निघाला. गेटवर तोफा मोजल्या. उद्धवराव छत्री घेऊन बरोबर, आणि बोटीच्या शेपटाला बांधलेल्या दोरीचं टोक त्यांच्या मुठीत. नदी गढूळ होती, वारा मागून होता. शालन, ती जरा डुचमळली आणि सरळ उभी राहिली. एक थेंब आत आला नाही. शिडात वारा भरला, तुझ्या दोऱ्याला ताण बसला, आणि गुराब दोरी ओढायला लागली. उद्धवराव ओरडले, "अरे, अरे, हिला जायचंय कुठे?" मी म्हटलं, सोडा तुम्ही दोरी, आठवड्यात आमच्या खाडीत लागेल.

तिथे आक्काबाई म्हैस धूत होत्या, इथल्या जुन्या शेतकऱ्यांपैकी, येताजाता मला भाजी देणाऱ्या. त्या हसून म्हणाल्या, "आरं खुळ्या, ही नदी तुज्या कोकनात कशापायी जाईल? ही जाती भीमेला, आन भीमा जाती पार तिकडं, सूर्य उगावतो तिकडं. माजी लेक दिलीया भीमाकाठी, मला ठावं न्हाई व्हय?" मी उद्धवरावांकडे बघितलं. ते म्हणाले, "खरंय. घाटाच्या अलीकडचं सगळं पाणी पूर्वेला जातं. एवढं शाळेत शिकवलं नाही?" तिसरीत जिल्ह्याचा भूगोल असतो. आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या नद्या समुद्राला मिळतात. पुढच्या नद्या पुढच्या वर्गात होत्या.

मी दोरी ओढून गुराब काठाला घेतली. आक्काबाईंना वाईट वाटलं असावं, म्हणाल्या, "बोट लई देखनी झालीय रं, पोरा." मी बोटीचा तळ सदऱ्यानं पुसला आणि परत येऊन या खोलीत बसलो. कुलूप तेच होतं, खिडकी तीच. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा खोली लहान वाटली.

तुला आबाजीचं भोक आठवतं? तू तेव्हा परकरात होतीस. त्यानं मेस्त्रींना न विचारता पाण्याच्या रेघेखाली गिरमीट चालवलं आणि भलत्या जागी भोक पाडलं. मेस्त्री ओरडले नाहीत, मारलं नाही. रात्री खुंटी ठोकून भोक बुजवलं, सकाळी उपटली, बोट पाण्यात लोटली आणि आबाजीला आत बसवलं, भोकावर अंगठा दाबून. बंदराला फेरी मारून येईपर्यंत उचलायचा नाही. आम्ही काठावरून ओरडत होतो, ए अंगठ्या, गुदगुल्या झाल्या तर काय करशील? परत आला तेव्हा अंगठा पांढराफटक पडला होता आणि चेहराही. मेस्त्री एवढंच म्हणाले, "आपल्या हातानं तळाला भोक पाडणाऱ्यानं ते आपल्या हातानं धरून बसायचं. जमत नसेल त्यानं माझ्या बोटीला हात लावायचा नाही." मी सगळ्यांत जास्त हसलो होतो.

परवा साहेबांनी मला बोलावलं. गुराब सगळ्यांना आवडली. एवढी आवडली की आणखी करायच्या आहेत, जिथे जिथे कंपनीचं ऑफिस आहे तिथे एकेक. मला कायम केलं. राहायला खोली मिळेल. रजा मात्र दिवाळीपर्यंत नाही, आणि दिवाळीलाही बघू म्हणाले. माझं चांगलं केल्याच्या आनंदात होते, तोंडावर नाही म्हणवेना. पुढच्या बोटी अखंड लाकडाच्या कर म्हणाले, वेळ वाचेल. मी मान हलवली. तिथून निघताना वाटलं, वाईट केली असती तर सुटलो असतो. दाराशी बांधकामावरचा सुतार तुळई तासत होता, त्याला म्हटलं जरा दे बघू तासणी. दोन घाव घातले आणि तिसरा सरकला. बोटभर फळ्यांची सवय झाली गो, माझा हात लहान झालाय. तो सुतार म्हणाला, "ठेवा राव, पायावर घ्याल."

आता गिरमिटाचं सांगतो आणि संपवतो. नवीन ऑफिसच्या उद्घाटनाच्या गर्दीत कुणाचा धक्का लागून गुराब पडू नये म्हणून तिला फळीवर स्क्रूनं पक्की करायची, म्हणजे तळाला भोक पाडायचं. उद्धवराव म्हणाले, तुला नको वाटत असेल तर दुसऱ्या सुताराला सांगतो. दोन दिवस मी नाही म्हणत राहिलो. काल ती नदी पुन्हा आठवली, हिला आता कुठल्याच समुद्राला जायचं नाही असं वाटलं, आणि मीच गिरमीट मागून घेतलं. माझ्या बोटीला दुसऱ्यानं भोक पाडायचं नाही, एवढं तरी मेस्त्रींकडून शिकलोय. लाकूड कोवळ्या सुपारीसारखं कुरकुरलं. आतून कापसाचा बारीकसा पुंजका बाहेर आला. शालन, तुला एक शब्द पाहिजे होता ना, तो हा आहे. नाही. मी येणार नाही. आबाजीनं त्याच्या भोकावर अंगठा तरी धरला होता, माझ्या भोकात स्क्रू बसलाय. मी आता मेस्त्रींच्या बोटीला कुठल्या तोंडानं हात लावू? त्यांना यातलं सांगू नकोस, कारखान्यात अडकला एवढंच सांग, तेही खोटं नाही. पौर्णिमेला माझ्या नावाचा नारळ सोडू नकोस, मी समुद्रावर नाही. आणि तुझ्या पेटीतली ती ढलपी. ती माझी नव्हती गो, माझ्या सगळ्या भीमेला गेल्या. एका बाजूनं तासलेली म्हणालीस ना, तशी तासायची खोड आपल्यात एकालाच आहे. ती आबाजीची आहे. फेकू नकोस, राहू दे लुगड्याच्या घडीत. फक्त त्याला सांग, खिळा मारताना घाई करतोस, तेवढी सोड. बाहेर किल्ली वाजली, ठेचा आला वाटतं.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण हाताला दुसरं येत नाही,
तुझाच
भैरू