छातीतला गुडघा

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, आणि तू निवृत्तीआधी लिहिलेल्या, संगणकावरून मशीन चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅममुळे आमच्या इस्पितळाची दोन्ही एक्स-रे मशीनं बंद आहेत, म्हणून हे पत्र. इकडे सर्व ठीक (पेशंट सोडून). तुझ्या गुडघ्याची वेगळी चौकशी करत नाही. पत्राचा विषयच तो आहे.

सोमवारी एका खोलीत तुझा गुडघा होता, शेजारच्या खोलीत एका मास्तरांची छाती. मशीनं दोन, संगणक एक, ड्रायव्हर तुझा. तू मशीनला कौतुकाने थोपटून घरी गेलास आणि डॉक्टरीणबाईंनी संगणक सांभाळणारी म्हणून मला बोलावून विचारलं, "अहो, यांच्या बरगड्यांखाली गुडघा कसा?" मास्तर पांढरेफटक पडले. म्हणाले, "तरीच मला गिळताना अडकतं!"

तुला शिकवायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण लिहिते. फोटो उतरवायला मशीनला आपण मेमरीतला एक बफर, म्हणजे तात्पुरती जागा, देतो. मशीन 'झालं' म्हणालं की मगच तो परत घ्यायचा. तू त्या 'झालं'ची वाटच बघत नाहीस. मनाशी आकडे मोजतोस, संपलं असेल असं धरतोस आणि बफर दुसऱ्याला देऊन मोकळा होतोस. (समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताटावरून उठतोस, तसंच.) जुना संगणक मोजायला मंद, म्हणून इतकी वर्षं निभावलं. नव्याने भराभर मोजलं. मशीन तुझा गुडघा लिहीतच होतं, तेवढ्यात तीच जागा मास्तरांच्या छातीला मिळाली.

दुरुस्ती मी केली आहे. ड्रायव्हर आता थांबतो. नमुन्याच्या फोटोंवर चालवून पाहिलं, सरमिसळ होत नाही. पण बाईंचा विश्वास उडाला आहे. काल एका आजींना मोडलेला हात झोळीत बांधून पुढच्या गावी पाठवावं लागलं. दारापर्यंत त्या मला शिव्या देत होत्या. त्या शिव्या तुझ्या होत्या. मी ठेवून घेतल्या.

तुझी,
धाकटी

ता. क. बाईंची अट अशी, की ज्याने लिहिलं त्यालाच आधी टेबलावर झोपवा, मगच मशीनं सुरू. उद्या सकाळी ये. शेजारच्या खोलीत मास्तर यायला तयार आहेत. तू नाही म्हणू नकोस.

आणखी ता. क. वहिनीच्या हाती दिलं: हे पत्र, दुरुस्तीची छापील पानं, टेबलावर विसरलेला तुझा चष्मा. पोच म्हणून सही वहिनीची घेतली आहे. तुझी घेतली असती, तर तू वाचायच्या आत केली असतीस.